आईच्या नावावरचं कडवं

मागच्या रविवारपर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, फादरनाही नाही. कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकून मी राग सांगितला, आळस सांगितला, सासूबद्दलचे विचारसुद्धा सांगितले — आणि हे दर वेळी जिभेखाली ठेवून उठले. आता तुला सांगते. जमेल तसं.

आमचं गावठाण कांदिवलीला. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची बुटकी घरं, एक क्रूस आणि एक विहीर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बॅण्ड लावून, नाचत त्या विहिरीवर जायचं, पाणी भरून आणायचं, त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. उंबराचं पाणी म्हणतो आम्ही त्याला. तेव्हा बायका गाणी म्हणतात. ती कुठे लिहिलेली नव्हती. म्हाताऱ्यांच्या तोंडी होती तेवढीच, आणि म्हाताऱ्या एकेक करून चालल्या होत्या.

म्हणून माझ्या चुलतभावाने, रेमंडने, विकी काढला. म्हणजे इंटरनेटवरची अशी पानं, की आपल्यातल्या कोणीही लिहावं आणि दुसऱ्याने दुरुस्त करावं. पण नुसती पानं नव्हेत. प्रत्येक कडव्याच्या डोक्यावर रकाने — विधी कुठला, गावठाण कुठलं, सांगणारी कोण. 'विहीर' निवडलं की मालाडपासून मुलुंडपर्यंतची विहिरीवरची सगळी कडवी आपोआप एका यादीत उभी. एखाद्या बाईचं नाव निवडलं की फक्त तिची. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं.

काय दिवस होते ते, यार. ज्या बायका एकमेकींशी धड बोलत नव्हत्या त्या एका शब्दावरून फोनवर तासन्‌तास भांडत होत्या, आणि भांडून झालं की दोघी मिळून गात होत्या. सगळ्यात पुढे फिलू मावशी — फिलोमिना, सत्तरी ओलांडलेली, आवाज अख्ख्या चर्चला पुरेल असा. मी मालाडच्या ऑफिसात असताना तिचा फोन यायचा. "लिही गो, लिही, नायतर जायल." मी हेडफोन लावून, कस्टमरशी बोलतेय असं तोंड करून, नवऱ्यामुलाच्या मिशीची टिंगल करणारी कडवी टाइप करायची. हसू दाबताना डोळ्यांत पाणी यायचं.

त्या यादीत प्रत्येक मैत्रिणीची आई होती. माझी नव्हती.

माझी आई, ॲग्नेस, गात नसे. आवाज बसका होता, एकदा कोणी हसलं, तेव्हापासून ती लग्नात ओठ मिटून उभी राहायची. ती गेली तेव्हा विकी नव्हता. असता तरी तिने काय सांगितलं असतं? मी मात्र रोज तो रकाना बघायची — सांगणारी, सांगणारी, सांगणारी. आणि एका दुपारी, डबा खाता खाता, मी एक कडवं रचलं.

विहिरीला पानी कुठून गो आला?
नवरीचे मायचे डोल्यातून झाला.

विधी — विहीर. सांगणारी — ॲग्नेस. बटण दाबलं, आणि आई यादीत आली. किती आनंद झाला मला, सांगू? आजही तो आठवला की चांगलंच वाटतं. खोटं कसं सांगू.

कडवं चाललं. चाललं कसलं, पळालं. मालाडच्या एका लग्नात बॅण्डवाल्यांनी त्याला चाल लावली, मुलुंडच्या बायकांनी उचललं. जुनं, खूप जुनं, असं लोक म्हणू लागले.

फक्त फिलू मावशीला ते पटलं नाही. रेमंडच्या ओटीवर सगळ्या जमलो होतो, तिथे ती म्हणाली, "हा आपला नाय. विहिरीवर आमी रडत नाय. विहिरीवर हसायचा, रडायचा दुसऱ्या दिवशी."

रेमंडने फोन पुढे केला. "मावशी, इथे आहे ना. ॲग्नेस काकीने सांगितलेलं."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुझी माय गायची?"

कबूल करायला तेवढा एक क्षण होता. मी म्हणाले, "घरात गायची."

कोणीतरी म्हणालं, "मावशी, तू विसरायला लागलीस हां." सगळ्या हसल्या. मावशीही हसली. आणि मी — मीसुद्धा हसले.

त्यानंतर तिचे फोन हळूहळू बंद झाले. विचारलं तर म्हणायची, "त्या कॉम्प्युटरला विचार. मना आता नाय आठवत." माझ्या भाचीच्या लग्नात ती विहिरीवर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता, नाकावर चष्मा. स्वतःची गाणी ती यादीत बघून म्हणत होती. माझं कडवं आलं तेव्हा माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर म्हनते ना गं?" मी मान हलवली. बॅण्ड वाजत होता, भाची नाचत होती, सगळे इतके खूश होते — आणि मी गप्प बसले. वर्षं गेली तशीच.

मागच्या रविवारी चर्चमधली मास आटपून मी मावशीच्या घरी गेले. ती कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. मी सांगितलं. सगळं, तो हसण्याचा भागसुद्धा.

तिने हातातली थाळी खाली ठेवली. "म्हंजे मी विसरले नवते?"

"नाही मावशी."

"मना वाटला माझा डोका गेला." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग हलवत. सुनेला हाक मारून म्हणाली, "ऐकलास? माझा डोका शाबूत हाय." मग माझ्याकडे वळून चार शिव्या दिल्या, आमच्याच बोलीतल्या, चांगल्या ठसठशीत. मी खाली मान घालून घेतल्या.

"तुझी माय गायची नाय," ती मग म्हणाली. "नाचायची. लगीन होऊन आली तवा पयल्याच पान्याला अशी नाचली, बॅण्डवाले वाजवायचा विसरले."

मी आईला नाचताना कधी पाहिलंच नव्हतं. मी लहान असताना बाबा गेले, तेव्हापासून ती थांबली असावी. मी तिथेच बसून फोनवर त्या कडव्यापुढे माझं नाव घातलं, आणि त्याच क्षणी सगळ्या याद्यांतून आई नाहीशी झाली. रेमंडला फोन करून कबूल केलं. तोही चिडला, बोलला, मग थोड्या वेळाने त्याने एक नवा रकाना उघडला — नाचणारी. त्यात पहिलं नाव मावशीने सांगितलं, मी लिहिलं.

मग ती गायला लागली. दुपारपर्यंत. कोलीम तसाच राहिला, सून दारात उभी राहून टाळ्या देत होती, शेजारच्या दोघी आल्या. इतकी नवीन कडवी निघाली की माझी बोटं दुखली.

एका गाण्यापाशी मात्र ती अडली. तिसरी ओळ येईना. मांडीवर ठेका धरून तिने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, दर वेळी तिथेच थांबली.

"होती गो," ती म्हणाली. "तवा विचारलास असता तर सांगितली असती."

ते पान मी तसंच ठेवलंय. तिसरी ओळ मला जुळवता आली असती, चालीत बसणारी, कोणाला कळली नसती अशी. ती जागा रिकामी आहे.