कोरम म्हणजे गजभिये मॅडम

"मॅडम, तुमचा इंटरव्ह्यू पुन्हा पुढे गेला," मी फोनवर सांगितलं.

"कोरम नाही ना?" पलीकडून गजभिये मॅडम म्हणाल्या. "कसा असणार? कोरम तर मीच आहे."

कापडाच्या मिल्स एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी इंदूरच्या एका युनिव्हर्सिटीत एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला होते. नेमणुका आणि बढत्यांच्या फायली आमच्याकडे असत. कोरम म्हणजे ज्यांच्याशिवाय कमिटी बसूच शकत नाही ते सदस्य. भरती न्याय्य व्हावी, सर्वांना प्रतिनिधित्व मिळावं, म्हणून आमच्याकडे नियम होता: सिलेक्शन कमिटीवर एक बाई हवी आणि अनुसूचित जातीचं एक माणूस हवं. दोघंही सीनियर हवीत. केमिस्ट्रीच्या गजभिये मॅडम दोन्हीकडे चालत. आमचे रजिस्ट्रार दातारसाहेब यावर बेहद्द खूश होते. खुर्ची एक, नियम दोन, आणि चहाचा कपही एकच.

त्यामुळे संस्कृत असो की फिजिकल एज्युकेशन, प्रत्येक कमिटीवर मॅडम. त्यांना कुणी काही विचारत नसे. सही तेवढी न विसरता घेत.

मग त्या स्वतःच प्रोफेसरच्या पोस्टसाठी उभ्या राहिल्या. उमेदवार स्वतःच्या कमिटीवर बसू शकत नाही, आणि मॅडमशिवाय कमिटी न्याय्य ठरत नाही. झालं, इंटरव्ह्यू अडकला. रिटायरमेंट जवळ आलेली. वडिलांनी मिलमध्ये जन्म काढून त्यांना शिकवलं होतं. त्या मिललाही आता कुलूप होतं. मुलगी प्रोफेसर झालेली बघायची, एवढी एकच आस म्हाताऱ्याला उरली होती.

मी साहेबांना म्हटलं, "सर, उज्जैनला एक प्रोफेसरबाई आहेत, दोन्ही नियमांत बसतात. त्यांना बोलावू या."

"जाण्यायेण्याचा टीए कोण देणार, तुम्ही? ऊपर से ऑर्डर आहे, खर्च कमी करा. आणि रूल म्हणजे रूल, शेवडेजी. मॅडमवर अन्याय होईल अशी कमिटी मी बसवू?"

मला असा संताप आला! पण टेबलावर परत येऊन बसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मॅडम सेक्शनमध्ये आल्या. "शेवडेजी, आता कोणत्या कमिट्या आहेत?"

"लॅब अटेंडंटची. मग कॉमर्सच्या लेक्चररची."

"अटेंडंटला येते. नोकरी गेलेले मिलवाले बेचारे आशेवर बसलेत. लेक्चररच्या दिवशी माझी तबियत खराब राहील."

"आत्तापासून?"

"हां, पहिलेच सांगून दिलेलं बरं."

कॉमर्सच्या उमेदवारांत साहेबांचे जावई होते. ही गोष्ट भंवरकुआं चौकातल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होती.

कॉमर्सच्या कमिटीच्या दिवशी मॅडम आल्याच नाहीत. साहेबांचा पारा चढला. "त्यांना म्हणा, पाच मिनिट येऊन सही करून जा!"

"सर, त्या आजारी आहेत."

"मग दुसरं कोणी बघा ना!"

"इथे दुसरं कोणीच नाही, सर. आणि रूल म्हणजे रूल." हे म्हणताना मला झालेला आनंद स्वतःच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

दुपारनंतर साहेबांना उज्जैन आठवलं. नवी तारीख पडली, टीए चुपचाप मंजूर झाला, वर युनिव्हर्सिटीची गाडीही. मी फाइलवर नोट टाकली: बाहेरच्या सदस्य येतच आहेत, तर केमिस्ट्रीचा इंटरव्ह्यूही त्याच दिवशी आटोपल्यास खर्चात बचत होईल. बचत म्हटल्यावर साहेबांना सही करावीच लागली.

उज्जैनच्या बाई आल्या. सकाळी गजभिये मॅडमचं सिलेक्शन झालं. दुपारी जावई आत गेले, आणि बाईंनी चक्क प्रश्न विचारले. नियमात बसणारी सदस्य प्रश्न विचारते, हे आमच्या कमिटीला नवीनच होतं. जावयांना तर फारच नवीन होतं. पोस्ट दुसऱ्याला मिळाली.

मॅडमची ऑर्डर मी स्वतः टाइप केली. ती वडिलांना वाचून दाखवली तेव्हा ते नुसते रडले, असं मॅडमनी सांगितलं. माझेही डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात पुढच्या कमिटीचं बोलावणं घेऊन मी प्रोफेसर गजभियेंकडे गेले. त्यांनी सही केली आणि विचारलं, "पोस्ट कोणती आहे?"

"एससीला रिझर्व्ह्ड आहे, मॅडम. तुमच्याच डिपार्टमेंटची सीनियर पोस्ट."

"मग येते. या वेळी प्रश्नही विचारीन. कोणी चांगली बाई मिळाली तर पुढे कमिट्यांवर ती बसेल, आणि मला खरंच आजारी पडता येईल."