ऑफिसात मराठी बंद केली, बरोबर केलं का?

मंडळी, सकाळपासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. तुम्हीच सांगा.

इकडे हिंदी मुलखात, पडाव नावाच्या भागात आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, मी मॅनेजर. मराठी बोलणारे दोघंच, मी आणि बुकिंगवर बसणारी स्नेहा. ती मला दादा म्हणते. बाकी सगळे हिंदीवाले.

आज रविवारची ड्यूटी लावत होतो. स्नेहा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, रविवारी मला नको हं, घरी हळदीकुंकू आहे." मी म्हटलं, "बरं, बघतो." आणि ड्यूटी राजेशला दिली. तशीही बारी त्याचीच होती.

राजेश शांतपणे म्हणाला, "सर, बारी मेरी ही थी, मालूम है. पर आप दोनों में क्या तय हुआ, वो नहीं मालूम."

त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. तिथेच सांगून टाकलं, आजपासून ऑफिसात फक्त हिंदी.

दुपारी स्नेहाने चहाचा कप पुढे केला. "सर, चाय."

सर! घरी माझी मुलं माझ्याशी हिंदीतच बोलतात. दिवसभरात मराठी कानावर पडायची ती हिचीच.

संध्याकाळी ती म्हणाली, "अच्छा सर, चलती हूँ." "सांभाळून जा गं" अगदी ओठांवर आलं होतं. म्हणालो, "ठीक है."

राजेश मात्र आज हसत घरी गेला. म्हणजे बरोबरच केलं ना मी?

आणि आता हे सगळं मराठीत लिहून बसलोय. स्नेहाला वाचता येईल, राजेशला कळणार नाही. पुन्हा तेच केलं का हो मी?