कलाबाईची शेळी इंग्रजीत

२००० साली जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मंजुषा दिंडोरीजवळच्या वस्तीवर शिक्षिका होती. कॅसेटवरची बर्फाची गाणी पोरं ठेक्यात म्हणायची, पण अर्थ विचारला की गप्प. मग तिने स्वतःच इंग्रजीत एक गाणं रचलं. तिची आई कलाबाई मखमलाबादला भाजीचा मळा करायची. बाजाराला न्यायच्या कोथिंबिरीच्या जुड्या शेळीने फस्त केल्या, त्याचं ते गाणं. पोरांनी ते द्राक्षबागांपर्यंत नेलं. छाटणीवरच्या बायाही ‘नो नो, शेळी, नो’ म्हणायला लागल्या.

तपासणीला आलेल्या साहेबांना ते रुचलं नाही. पुस्तकाबाहेरचं वर्गात नको, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून ती शाळा सुटल्यावर पटांगणात शिकवू लागली, आणि तसं साहेबांना कळवलंही.

नाशिकच्या एका मेळाव्यात कुणीतरी तिला मातृभाषा सोडल्याबद्दल सुनावलं. ती म्हणाली, “सोडली कुठे? पण इंग्रजी काय कुणाच्या बापाची आहे?”

गाण्यापाठोपाठ तिने कलाबाईच्या गोष्टीही इंग्रजीत लिहिल्या. त्या साठत गेल्या. मुंबईच्या एका प्रकाशनाला पाठवल्या, तेव्हा त्यांनी बोलावलं. तिथल्या संपादक बाईंना सगळं आवडलं होतं. फक्त कलाबाईला एखादं सोपं इंग्रजी नाव द्या, बाहेरच्या मुलांना हे उच्चारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

“शिकतील की,” मंजुषा म्हणाली. “आमची पोरं नाही का तुमच्या पुस्तकांतली नावं शिकली?”

बाई हसल्या, पण ऐकेनात. मंजुषा कागद पिशवीत घालून उठली. एसटीत कसाऱ्यापर्यंत तिला रडू येत होतं. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. आईला सांगितलं तेव्हा कलाबाई म्हणाली, “बदलायचं होतंस. मला कुठं वाचता येतंय?”

“मला येतं ना,” मंजुषा म्हणाली.

पिंपळगावला सहादूचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि द्राक्षपेट्यांची लेबलं छापणाऱ्या सहादूने पुस्तक छापलं, चित्रं वस्तीवरच्या पोरांनी काढली. शिक्षकांनी ते हातोहात नेलं, पार नामपूरपर्यंत.

दोन वर्षांनी संपादक बाईंचा फोन आला. आता नावं तशीच ठेवायला त्या तयार होत्या. मंजुषाने नवं पुस्तक त्यांना देऊ केलं. पहिलं मात्र सहादूच छापणार, असं तिने स्पष्ट सांगितलं.