गजाननाचं नाव छापलेला कागद

"देवाचं नाव असलेल्या कागदात मी मिरची बांधत नाय, वहिनी," दुकानदार माझ्या पुढच्या बाईंना सांगत होता.

घाटकोपर स्टेशनजवळच्या त्या वाणसामानाच्या दुकानात मी अंधेरीहून बसने आले होते. साकीनाक्यापुढे दोन्ही बाजूंना टेकड्या आणि भातशेतं होती, पण माझं लक्ष त्यांत नव्हतं. आत्याने ट्रंक आवरताना एक जुनं नाट्यपत्रक रद्दीत दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, आईच्या नाटकाचं. तिचं नाव छापलेला तेवढा एकच कागद होता. आई वारल्यापासून ती नाटकात होती हे आमच्या घरी कुणी बोलत नसे. अंधेरीच्या रद्दीवाल्याने गठ्ठा या दुकानाला विकला होता.

"तुला काय गं?" दुकानदाराने विचारलं. मी भलतंच, एका आण्याचं जिरं मागितलं. पुडी हातात आल्यावर कसंबसं पत्रकाबद्दल विचारलं. वर 'श्रीगजानन प्रसन्न' छापलेलं, एवढंच सांगता आलं.

तो म्हणाला, तसले कागद तो बाजूला ठेवतो, आणि त्याची बायको ते निर्माल्याबरोबर खाडीत सोडते. ती नुकतीच निघाली होती.

रेल्वेचं फाटक ओलांडून मी मिठागरांकडे जवळजवळ धावतच गेले. बांध निसरडा होता. एक चप्पल चिखलात रुतली, ती तशीच सोडली. भरतीचं पाणी चढत होतं. काठावर एक बाई टोपली रिकामी करत होती. झेंडू आणि कागद पाण्यावर पसरले होते. आमचं पत्रक तिच्या हातात होतं.

मी हात पुढे केला. तिने कागद मागे घेतला.

"देवाला काढलेलं परत देत नाय मी. फोटोतली ही कोण लागते तुझी?"

पत्रकावर आईचा छोटा फोटो होता. मी फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःवर. तिने फोटो पाहिला, बराच वेळ माझा चेहरा पाहिला.

"घे. पायाखाली येऊ देऊ नको."

परतीच्या बसमध्ये मी निर्माल्याने ओलसर झालेला कागद मांडीवर वाळवत बसले. एका अनोळखी बाईला जे बोटाने सांगितलं, ते घरात मी बोटानेही कधी सांगितलं नव्हतं, याची लाज वाटत राहिली.

घरी बाबा आणि आत्या चहा घेत होते. माझ्या अनवाणी पायाकडे पाहत आत्याने विचारलं, कुठे गेली होतीस.

"घाटकोपरला," मी म्हणाले. "आईच्या नाटकाचा कागद आणायला. हा मी बाहेरच्या खोलीत लावणार आहे."