पोराने मारलेली गाठ

बोटींची इंजिनं दुरुस्त करताना मी माणसं विसरतो, बिघाड तेवढे लक्षात राहतात. डहाणूच्या खाडीतल्या त्या म्हाताऱ्याला मात्र विसरलो नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याच्या जुन्या बोटीच्या मागच्या टोकाला लावलेलं इंजिन वर उचललं की हळूहळू खाली सरकायचं, म्हणून ते दोरीने बांधून ठेवलं होतं. इंजिन वर-खाली करणारा हायड्रॉलिक ट्रिम तपासायचा तर दोरी सोडणं भाग होतं. मी सुरी काढली.

"मिस्त्री, कापू नका. पोराने मारलेली गाठ आहे. गेल्या साली दुसऱ्याच्या बोटीवर गेला, तो आलाच नाही. आता जावई ही बोट नेणार."

नखांनी उकलत त्यानेच गाठ सोडवली.

तेल पुरेसं होतं, पंपही ठीक होता. दट्ट्याचं सील गेलं होतं. ते बदललं. इंजिन वर उचललं, तिथेच थांबलं.

"काका, आता दोरी नको."

त्याने मान हलवली आणि तरीही दोरी बांधायला घेतली. बांधली, सोडली, परत बांधली. भरतीचं पाणी बोटीला लागलं तरी त्याचं चाललंच होतं.

"कशी मारायचा, कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.