पेडणेकर साहेबांची बॅटरी रूम

पेडणेकर साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले ते बोटाला साबण लावून स्वतःची अंगठी काढताना. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि सिल्वासाजवळ मसाटच्या सबस्टेशनवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून माझा पहिला दिवस. बॅटरी रूमच्या दाराशी स्टीलचा डबा असे. आत जाणाऱ्याने अंगठी, घड्याळ, कडे, साखळी त्यात ठेवायची, आणि सुरुवात साहेबांपासून.

"बेन, एकशेदहा व्होल्ट तर आहे, घरच्यापेक्षा ओछा, कमीच!" वायरमन नटुभाई मला म्हणाले. "साहेब उगाच घाबरवतात."

ही चूक तेव्हा आम्ही बहुतेक जण करायचो. व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी, आणि लाइन बंद केली की सगळे बंद झाले, असे समजायचो. बॅटरी मात्र तेव्हाही जागी असते. धातूचा तुकडा तिच्या दोन टोकांना टेकला की प्रचंड प्रवाह धावतो. घरच्या विजेसारखा तो क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, म्हणून पेटलेली ज्वाळा सहज विझत नाही. साहेबांनी हे आम्हांला न ओरडता, पुन्हा पुन्हा शिकवले.

पुढच्या वर्षी माझे लग्न झाले. मंगळसूत्र मी डब्यात ठेवत होते. नटुभाईंच्या पत्नीकडून ते टोकरखाड्याला आमच्या घरी कळले. जळगावकडच्या माझ्या सासूबाई हादरल्या. "ते काम सोड, नाहीतर नोकरी सोड," एवढेच म्हणाल्या. वरिष्ठांनीही साहेबांना सुचवले, बाईंना टेबलाचे काम द्या.

रविवारी साहेब घरी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाना त्यांनी सासूबाईंच्या हाती दिला. त्याचे एक टोक वितळून गेले होते.

"माझाच आहे, ताई. हातातून सुटला आणि बॅटरीच्या सेलवर आडवा पडला."

"आन् तुम्ही?"

साहेबांनी बाही वर केली. कोपरापर्यंतची कातडी आकसलेली होती.

सासूबाईंनी पाना खाली ठेवला. मग म्हणाल्या, "असं हाये, तर बसवा ना तिला टेबलावर."

"टेबलावर बसवायला माझ्याकडे माणसं पुष्कळ आहेत. सेल तपासताना घाई न करणारी ही एकच आहे."

माझ्या कामाबद्दल असे कोणी माझ्या घरात येऊन बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी हात पुढे केला. "डब्यात नको, कोनी चोरलं तर? माझ्याकडं दे. आली की मीच घालीन."

ते काम मी सोडले नाही. सासूबाई हयात होत्या तोपर्यंत संध्याकाळी दार त्याच उघडत, आधी माझे दोन्ही हात उलटसुलट पाहत आणि मग गळ्यात मंगळसूत्र घालत.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हां सर्वांची घरी अशीच कोणीतरी वाट पाहत असे, आणि आम्ही धडधाकट परतत होतो. साहेब, तितक्याच धडधाकटपणे तुम्ही आमच्यात खूप वर्षे राहा.