कुंद्याचा डबा परत दिला

बायांनो, आज मला लई किळस आलीया.

माझी नात राणी सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर हाय. आमच्या निपाणीच्या घरातली पहिलीच, किती मिरवू! ती डॉक्टरांच्या संघटनेत सेक्रेटरी व्हायला उभी ऱ्हायलीया. कशापायी? रात्रपाळीच्या पोरी निजतात त्या खोलीला आतनं कडी न्हाय. परवा एक दारुडा आत शिरलता.

आज तिथलेच मोठे डॉक्टर बेळगावच्या कुंद्याचा, खव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन घरी आले. कुंदा म्हणजे माझा जीव! पण बोलणं ऐका.

“आजी, निवडणूक बिनविरोध होऊ दे. तुम्ही सांगितलं तर ती माघार घेईल. पोरीच्या जातीला राजकारण कशाला? संघटनेच्या समारंभाचं बघू दे की.”

“आणि कडीचं, सर?” राणीनं विचारलं.

तो हसला. “एवढ्याशा कडीसाठी निवडणूक व्हय गं?”

“एवढीशीच हाय, तर आजवर का न्हाय लावली?”

गडी माझ्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, “डबा उचला, डॉक्टर.”

तो गेल्यावर दाराला कडी घातली आणि पोरीची दृष्ट काढली.

तुमच्या लेकी रात्रपाळीला निजतात, तिथं कडी हाय काय? विचारलंय कधी?